पूरक कादंबऱ्यांचे विश्व आणि मराठी विज्ञानकथा

गाजलेल्या चित्रपटाच्या किंवा मालिकेच्या विश्वात इतर लेखकांनी लिहिलेल्या पूरक कादंबऱ्या आणि त्याच विश्वातली कॉमिक्स हा विज्ञानकथेचा जुना, भरपूर खपणारा आणि समीक्षकांनी फारसा मनावर न घेतलेला प्रकार आहे. ‘स्टार ट्रेक’च्या भागांवरून जेम्स ब्लिश यांनी केलेल्या कथा 1967 पासून निघू लागल्या. ‘स्टार वॉर्स’ची कादंबरी तर चित्रपटाच्या काही महिने आधी, 1976 च्या अखेरीस बाजारात आली. मुखपृष्ठावर नाव जॉर्ज लुकस यांचे होते, लिहिली होती अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी. या पुस्तकांच्या वाचकांचा खरा वाद गुणदोषांपेक्षा प्रमाणाचा असतो : पडद्यावर न घडलेले, पण पुस्तकात घडलेले खरे धरायचे की नाही? 2014 मध्ये डिस्नेच्या मालकीच्या लुकासफिल्मने तोवरच्या जवळजवळ सगळ्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स प्रमाणाबाहेर काढून त्यांना ‘लेजेंड्स’ असा शिक्का मारला, तेव्हा वाचकांत मोठी नाराजी पसरली. तरीही टिमोथी झान यांनी 1991 च्या कादंबरीत निर्माण केलेला थ्रॉन हा सेनापती दोन वर्षांत पडद्यावर आणावाच लागला. वाचकांनी एकदा स्वीकारलेले पात्र सहजासहजी हद्दपार होत नाही.

मराठीत विज्ञानकथेपुरता हा प्रकार जवळजवळ नाही. मात्र आयत्या विश्वात नवी कथा लिहिण्याची वृत्ती मराठी आहे आणि तिचे माहेर कोल्हापूर आहे, असे म्हणायला भक्कम आधार आहे. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ 1959 ची, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 ची, रणजित देसाईंची ‘राधेय’ 1973 ची. खांडेकर कोल्हापुरात स्थायिक झालेले, सावंत आजऱ्याचे आणि कोल्हापुरात शिक्षकी केलेले, देसाई कोवाडचे. एकाच जिल्ह्याशी बांधलेल्या तीन लेखकांनी महाभारत या आयत्या, अफाट विश्वातली पात्रे उचलून स्वतंत्र कादंबऱ्या उभ्या केल्या. त्यातल्या दोन तर एकाच कर्णावर आहेत.

खांडेकरांची पद्धत या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. आदिपर्वातला कच संजीवनी विद्या घेऊन, देवयानीचा शाप पदरात घेऊन देवलोकी जातो आणि तिथे त्याची कथा संपते. खांडेकर त्याला परत आणतात आणि ययातीच्या भोगलालसेसमोर संयमाचे माप म्हणून उभा करतात. ययातीचा थोरला भाऊ यती मूळ ग्रंथात नावापुरता आहे, कादंबरीत तो विरक्तीच्या अतिरेकाचे भयानक रूप होतो. सावंतांनी सहा निवेदक योजून कर्णाची पत्नी वृषाली आणि भाऊ शोण यांना आवाज दिला. महाभारतात कर्णाच्या घरातल्या माणसांना एवढी जागा नाही. आज मात्र मराठी वाचकाला वृषाली मूळचीच वाटते. योगायोग असा की भांडारकर संस्थेची महाभारताची संशोधित आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण झाली आणि पुढच्याच वर्षी ‘मृत्युंजय’ आली. त्या आवृत्तीत संपादक सुकथनकरांनी स्वयंवरात द्रौपदीने सूतपुत्र म्हणून कर्णाला नाकारल्याचा प्रसंग मुख्य पाठातून काढून पाठभेदांत टाकला होता. विद्वानांनी पुरावा पाहून निकाल दिला खरा, पण वाचकांच्या मनातला कर्ण त्या नकाराशिवाय अजून उभा राहत नाही. प्रमाण कोणते, हा वाद असा मराठीत आधीपासून आहे.

मग विज्ञानकथेत पूरक लेखनाचा हा प्रकार का नाही? लेखक नाहीत म्हणून नव्हे. जयंत नारळीकरांचा जन्म 1938 मध्ये कोल्हापुरातच झाला (त्यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रातल्या चार नगरांत मात्र कोल्हापूर नाही). 1974 मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि ती पहिली आली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी पुढे मराठी विज्ञानकथा घडवली. पण तिचे घर राहिले स्पर्धा, मासिक आणि दिवाळी अंक. दहा-बारा पानांत एक वैज्ञानिक कल्पना मांडायची, शेवटी कलाटणी द्यायची आणि पात्रांना निरोप द्यायचा, ही तिची शिस्त. वाचकाला कल्पना आठवते, शास्त्रज्ञाचे नाव आठवत नाही. मराठी विज्ञानकथेने कल्पना जपल्या, माणसे जपली नाहीत, हा तिचा सर्वांत मोठा दोष आहे.

नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतही हे दिसते. उत्खननात एका लुप्त प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातल्या ज्ञानावरून वामन हा यंत्रमानव तयार होतो. ती संस्कृती कशी होती, ती बुडताना माणसे काय बोलली असतील, हे सगळे मोकळे रान आहे. दुसरीकडे कोणी त्यावर कादंबऱ्यांची माळ लावली असती. इथे मात्र शीर्षकानेच दार लावून घेतले आहे.

पुन्हा पुन्हा भेटणारे नायक मराठीत आहेत, पण ते शेजारच्या घरांत. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार रहस्यकथेत, नारायण धारपांचे समर्थ भयकथेत, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कुमारांच्या साहसकथेत. त्यांतला फेणे दूरदर्शनवर आणि 2017 मध्ये चित्रपटात गेला, यावरून टिकाऊ पात्राची ताकद कळते.

कॉमिक्सची बाजू याहून लंगडी आहे. 1964 ते 1990 या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ, मॅन्ड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन मराठी मुलांच्या हाती आले, म्हणजे अंतराळवीरही भाषांतरातूनच भेटला. चित्रकारांची वाण म्हणावी तर कलापूर म्हणवणाऱ्या कोल्हापुरात ते कोणाला पटणार नाही. कलानिकेतन आणि दळवीज या कलासंस्था तिथे आहेत. कमतरता आहे ती शंभर पाने चालेल अशा कथेची.

अडचणीचा आणखी एक भाग कायद्याचा आहे. व्यासांच्या पात्रांवर कोणाची मालकी नाही, म्हणून खांडेकर, सावंत आणि देसाई मोकळेपणाने लिहू शकले. आधुनिक लेखकाच्या कृतीवर त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क असतो. खांडेकर 1976 मध्ये गेले, त्यामुळे ‘ययाति’ 2037 च्या प्रारंभी मुक्त होईल. नारळीकरांचे निधन 2025 चे, म्हणजे वामनसाठी 2086 उजाडावे लागेल. तोवर थांबायचे नसेल, तर हक्कदारांकडे रीतसर परवानगी मागणारा लेखक आणि त्यामागे उभा राहणारा प्रकाशक पुढे यायला हवा.