नकाशांतील अरण्य

जेम्स नीह्यूज या अमेरिकन चित्रकाराच्या नकाशांचा संग्रह 'द मॅन बिहाइंड द मॅप्स' या नांवानें २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा जो स्कीइंगचा खेळ, त्यासाठीं ज्या डोंगरांवर सोयी केलेल्या असतात त्या डोंगरांचे हे नकाशे होत. हा खेळ आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेलाहि नसेल. मग त्याच्या नकाशांची चर्चा वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कां, असें कोणी विचारल्यास तें साहजिक आहे. आमचें उत्तर इतकेंच कीं, हे नकाशे हिवाळाभर असंख्य लोक वाचतात, आणि त्या वाचनावर कधीं कधीं वाचणाराचा जीव अवलंबून असतो. ज्याचा अर्थ लावण्यांत इतकें पणास लागतें, तें टीकाकारानें दृष्टिआड करूं नये.

नीह्यूज यांचा जन्म १९४६ सालीं कोलोरॅडोंत झाला. हॅल शेल्टन व बिल ब्राउन या दोघां चित्रकारांनीं या कलेचा पाया आधींच घातला होता. ब्राउन यांच्याकडूनच नीह्यूज यांस पहिलें काम मिळालें, आणि तें होतें कोलोरॅडोमधील विंटर पार्क येथील मेरी जेन या डोंगराच्या मागील बाजूचें एक लहानसें चित्र. पुढील तीन दशकांत त्यांनीं अशीं दोनशेंवर स्थळें रंगविलीं. विमानांतून डोंगराचीं छायाचित्रें घ्यावयाचीं, त्यांवरून पेन्सिलीनें रेखाटन करावयाचें, आणि मग जलरंगांनीं एकेक झाड हातानें उभें करावयाचें, ही त्यांची पद्धति.

या चित्रांचा पहिला गुण म्हणजे त्यांतील शहाणा खोटेपणा. खरा डोंगर एका जागीं उभें राहून सबंध दिसत नाहीं. एक बाजू पुढें आली कीं दुसरी मागें लपते. नीह्यूज लपलेली बाजू किंचित् वळवून पुढें आणतात, लांबचें शिखर जवळ ओढतात, आणि हें सर्व अशा बेतानें करतात कीं, डोंगर मोडून पुन्हां जोडला आहे असा संशयहि पाहणारास येऊं नये. झाडांच्या सावल्या उतारावर पाडून ते चढाचा तीव्रपणा सुचवितात. मोजणीचा नकाशा मापांत चुकत नाहीं, परंतु त्यावरून डोंगर डोळ्यांपुढें उभा राहत नाहीं. या चित्रांत माप चुकतें आणि डोंगर उभा राहतो. एवढ्यापुरती चित्रकाराची थोरवी आम्हांस निःसंशय मान्य आहे.

आतां या चित्रांतील काळसर हिरव्या भागाकडे वळूं. झाडें तोडून केलेल्या उतारवाटा चित्रांत पांढऱ्या दिसतात. त्यांना नांवें असतात, आणि वाट सोपी कीं अवघड हें सांगणाऱ्या हिरव्या, निळ्या व काळ्या खुणा असतात. उरलेली जागा अरण्याची. परंतु या खेळांतील जाणते लोक जातात ते नेमके या उरलेल्या जागेंत. तेथें वारा बर्फास उडवीत नाहीं व ऊन त्यास वितळवीत नाहीं. वाटेवरचें बर्फ दाबून टणक झाल्यावरहि दोनचार दिवस झाडीच्या सावलींत तें भुसभुशीत राहतें. शिवाय हिमवृष्टि चालू असतां उघड्या उतारावर आकाश व जमीन एकरंगी होऊन पाऊल कोठें पडतें तें दिसेनासें होतें. झाडींत मात्र काळे बुंधे दृष्टीस आधार देतात. म्हणून कोलोरॅडोंत प्रथमच आलेला मनुष्य नकाशा उलगडून जो प्रश्न मनांत घोळवितो तो हाच: चांगली झाडी कोठें सांपडेल?

आमच्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेंत सांगावयाचें तर वाटा हा या नकाशाचा वाच्यार्थ आणि अरण्य हा त्याचा व्यंग्यार्थ. व्यंग्यार्थ सहृदयासच कळतो. पानें झडलेलीं करडीं झाडें कोठें काढलीं आहेत आणि सूचिपर्णी झाडांचा गर्द हिरवा रंग कोठें सुरू होतो, हा भेद जाणता प्रथम पाहतो. स्टीमबोट येथील उतारांवर ॲस्पेनचीं वनें आहेत. हें झाड प्रकाशाचें लोभी. सावलींत राहिलेल्या खालच्या फांद्या तें स्वतःच टाकून देतें, आणि हिवाळ्यांत निष्पर्ण होतें. त्यामुळें बुंध्याबुंध्यांमधून दूरवर दिसतें व वळावयास जागा मिळते. याउलट वणव्यानंतर एकाच वेळीं उगवलेलें लॉजपोल पाइनचें रान पुष्कळदां इतकें दाट असतें कीं मनुष्य आडवा होऊनच त्यांत शिरावा. त्याहून वर स्प्रूस व फर यांचें राज्य; तेथें झाडें जुनीं झालीं कीं मधून मधून मोकळ्या जागा पडतात. जाणता मग दिशा पाहतो, कारण उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर हिवाळ्याचें ऊन फारसें पोंचत नाहीं व बर्फ कोरडें राहतें. चित्रांत हें सर्व सुचविलेलें आहे. परंतु पूर्वसंस्कार नसलेल्या वाचकास तेथें केवळ हिरवा रंग दिसतो.

येथें या कलेच्या दोषास आरंभ होतो. चित्रांतील झाड म्हातारें होत नाहीं. १९९६ नंतरच्या सुमारें दोन दशकांत पाइनच्या सालीखालीं शिरणाऱ्या भुंगेऱ्यानें कोलोरॅडोंत तीस लाखांवर एकरांच्या रानास उपद्रव दिला. विंटर पार्कच्या आसपासचा प्रदेश त्यांत विशेष होरपळला. असंख्य झाडें उभीं वाळलीं, कांहीं कोसळलीं, कांहीं कापावीं लागलीं. कोठें रान विरळ झाल्यानें नवी चांगली झाडी निर्माण झाली, कोठें बर्फाखालीं पडलेल्या खोडांचा सांपळा तयार झाला. जुन्या चित्रांत मात्र तीं झाडें हिरवींच राहतात. अरण्य हें सदा पालटणारें लेखन आहे, आणि त्याची प्रत एकदांच काढून वर्षानुवर्षें वाटली जाते.

दुसरा दोष चित्रकाराचा नव्हे. नीह्यूज यांच्या हातून चित्र बाहेर पडतें तेव्हां त्यावर अक्षर नसतें; नांवें मागाहून डोंगराची व्यवस्था पाहणारे घालतात. म्हणजे या कृतीस कर्ते दोन. चित्रकार झाडी दाखवून गप्प राहतो; दुसरा कर्ता त्याच झाडीवर एक नांव छापतो. आमच्या मतें सर्व अनर्थाचें मूळ या नांवांत आहे. नांव पडलें कीं जागा ओळखीची वाटते. कोणी तरी ती पाहिली आहे, राखली आहे, असा विश्वास वाचकाच्या मनांत उत्पन्न होतो.

तो विश्वास किती खरा, हें विंटर पार्कच्याच हद्दींत दिसून आलें. तेथें 'ट्रेसल ट्रीज' असें नांव दिलेल्या झाडींत २०१२ च्या जानेवारींत हिमस्खलन होऊन एक मनुष्य मृत्यु पावला. त्याच्या पत्नीनें दावा केला, आणि प्रकरण कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९७९ च्या कायद्यानें या खेळाचे अंगभूत धोके खेळणाराच्या माथीं टाकले आहेत. त्यांत झाडें आहेत, खडक आहेत, बर्फाची पालटती स्थिति आहे, परंतु 'हिमस्खलन' हा शब्द नाहीं. न्यायालयानें २०१६ सालीं बहुमतानें असा अर्थ लावला कीं, बर्फाची पालटती स्थिति म्हटली कीं तींत हिमस्खलनहि आलें. अल्पमताच्या न्यायाधीशांनीं हा अर्थ मानला नाहीं. कायद्याचा कीस आम्ही काढीत नाहीं. परंतु कायद्याच्या पोथींत एक शब्द नसतां तो अर्थानें आणला जातो, आणि नकाशावर नांव असतां त्या नांवानें कोणतीहि हमी मिळत नाहीं, हा विरोध टीकाकाराच्या नजरेंतून सुटूं नये.

हिमस्खलन तर विरळा. झाडावर आदळणें हें या खेळांतील मृत्यूंचें प्रमुख कारण आहे. त्याहून कपटी असा एक धोका आहे. सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्या बर्फ अडवितात, म्हणून बुंध्याभोंवतीं सैल बर्फानें झांकलेला खड्डा राहतो. त्यांत डोकें खालीं करून पडलेला मनुष्य गुदमरतो. प्रयोगादाखल अशा खड्ड्यांत ठेवलेल्या स्वयंसेवकांपैकीं शेंकडा ९० जणांस स्वतःच्या बळावर बाहेर येतां आलें नाहीं. म्हणून झाडींत शिरणारांनीं एकमेकांच्या दृष्टीच्या व हांकेच्या टप्प्यांत राहावें असा नियम आहे. नकाशांतील झाडाखालीं हा खड्डा कधींच दिसत नाहीं. तेथें सुंदर निळी सावली असते.

यावर कोणी म्हणतील कीं, मग प्रत्येक झाडीची दाटी, उतार व धोका नकाशांत छापावा. तसें केल्यानें चित्र बिघडेल, आणि पालटणाऱ्या अरण्यापुढें ती माहितीहि दुसऱ्या हिवाळ्यांत खोटी ठरेल. सह्याद्रींत फिरणारास हें सांगावयास नको. रानांतली वाट कागदावर विचारतां येते, पण तिचा खरा ठाव गांवच्या माणसासच असतो. आमची मागणी लहान आहे. झाडीस नांव द्यावयाचें असेल तर त्या नांवाशेजारीं, तितक्याच ठळक अक्षरांत, येथें कोणतीहि हमी नाहीं व एकट्यानें शिरूं नये, असें एक वाक्य असावें. कायद्यानें जें ओझें वाचकाच्या माथीं टाकलें आहे, तें त्यास वाचतां तरी यावें.

नीह्यूज यांच्या झाडांविषयीं आमची तक्रार नाहीं. तीं मुकीं आहेत, आणि मुकीं असण्यांतच त्यांचा प्रामाणिकपणा आहे. हा संग्रह अवश्य पाहावा, व पाहतांना पांढऱ्या वाटा सोडून मधल्या हिरव्या जागेवर थोडें थांबावें. मेरी जेनच्या त्या पहिल्या लहानशा चित्रापासून या चित्रकारानें जें एकेक झाड काढलें, तें वाटांमधील पोकळी भरून काढण्यासाठीं काढलें नव्हतें.