ठणका, कळ आणि भ्याव

व्हर्जिनिया वुल्फचा आजारपणावरचा निबंध १९२६ मध्ये छापून आला. तिची तक्रार अशी, की प्रेमासाठी इंग्रजीत शब्दच शब्द, पण डोकेदुखी सांगताना भाषा आटते. डोंगरकड्यात ही तक्रार टिकत नाही. हळद काढून आलेल्या आमच्या आईकडं एका कंबरेसाठी ठणका, कळ, चमक, उसण, ठसठस असे शब्द आहेत. एकाच्या जागी ती दुसरा वापरत नाही.

१९७५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक यांची वेदना मोजणारी ७८ शब्दांची मॅकगिल प्रश्नावली आली. तिच्यात टोचणं, जाळणं यांच्या शेजारी थकवणं, भेदरवणंही आहे. इथं मात्र आईचे शब्द संपतात. मनाचं विचारलं की म्हणते, ‘चालायचंच.’

आपलं वाचनही असंच अडतं. मणक्याच्या दुखण्यानं बाबा आमटेंना बसता येत नसे. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. १९८५ ची ‘भारत जोडो’ यात्रा त्यांनी गाडीत आडवं पडून केली. आपण त्यातली जिद्द तेवढी उचलतो. मला ते आडवं पडणं मोलाचं वाटतं. दुखणं गेलं नव्हतं, त्याला जागा ठेवून त्यांनी काम आखलं. जुनाट वेदनेचे आजचे उपचारही याच वाटेनं जातात: झेपेल तेवढं काम, मध्ये विसावा, रोजची हालचाल आणि मनातलं बोलणं.

आई आता दोन सऱ्या झाल्या की बसते. परवा म्हणाली, ‘भ्याव वाटतं रे, उद्या उठताच नाही आलं तर?’

हा शब्द तिनं पहिल्यांदाच काढला.