गाण्यातला जवाहिऱ्या : हिप-हॉप संस्कृतीतील पत आणि प्रतिष्ठा

सराफाची प्रतिष्ठा न दिसणाऱ्या गोष्टीवर उभी असते. सोन्याचा कस किंवा हिऱ्याची प्रत गिऱ्हाइकाला स्वतः पारखता येत नाही, म्हणून ते माणसावर विश्वास टाकते. हा विश्वास पेढीच्या वयातून, दिलेला शब्द पाळण्यातून आणि बव्हंशी मौनातून निर्माण होतो. कोणाच्या घरी काय घडवून दिले, हे चांगला सराफ चारचौघांत बोलत नाही. या दृष्टीने पाहता, गेल्या चार दशकांत अमेरिकेतील हिप-हॉप संगीताच्या आश्रयाने जवाहिऱ्यांचा जो वर्ग उदयास आला, तो या व्यवसायातील एक विलक्षण अपवाद मानावा लागतो. त्याची पत मौनातून नव्हे, तर नामोच्चारातून वाढली. या पतीचे स्वरूप काय आणि तिचा भार कोणावर पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हिप-हॉपमधील अलंकारांविषयी लिहिताना समीक्षक सहसा 'भपका' या एका शब्दावर थांबतात. न्यू ऑर्लिन्सच्या बी. जी. या रॅपरच्या 1999 मधील गाण्याने 'ब्लिंग ब्लिंग' हा शब्द रूढ केला आणि या टीकेला आयते नावही मिळाले. टीका सर्वस्वी खोटी नाही; पण ती उथळ आहे. ज्या वस्त्यांतून हे संगीत आले, तेथील कृष्णवर्णीयांना घरासाठी कर्ज नाकारण्याची रीत अमेरिकेत दीर्घकाळ चालली. 1968 च्या कायद्याने ती बेकायदेशीर ठरली, तरी तिचे परिणाम संपले नाहीत. ज्याला बँकेत पत नाही, तो ती अंगावर बाळगतो. एरिक बी. आणि रकीम यांच्या 'पेड इन फुल' या 1987 मधील ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ या संदर्भात पाहण्याजोगे आहे. गळ्यात दोरखंडासारख्या सोन्याच्या जाड साखळ्या, मागे डॉलरच्या नोटा आणि वर 'सर्व रक्कम चुकती' अशा अर्थाचे शीर्षक! येथे श्रीमंतीपेक्षाही कोणाचे देणे न लागण्याची घोषणा अधिक महत्त्वाची वाटते.

हे दागिने घडवणारेही प्रस्थापित पेढ्यांचे नव्हते. सोन्याच्या दातांची चाल रूढ करणारे एडी प्लेन मूळचे सुरिनामचे. ह्यूस्टनचे जॉनी डँग व्हिएतनाममधून आलेले. सर्वांत गाजलेले जेकब अराबो हे ताश्कंदचे बुखारी ज्यू. 1979 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी ते कुटुंबासह न्यूयॉर्कला आले आणि 1986 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली. मॅनहॅटनच्या 47 व्या रस्त्यावरील हिरेबाजारात काचेच्या कपाटाएवढ्या जागेत व्यवहार करणारे अनेकजण असतात. त्यांच्यातून अराबो वेगळे ठरले, ते रॅपर त्यांना 'जेकब द ज्वेलर' म्हणू लागले आणि गाण्यांतून त्यांचे नाव येऊ लागले म्हणून. एरवी एखाद्या पेढीला असा लौकिक मिळवण्यास दोन-तीन पिढ्या लागल्या असत्या.

या नात्याची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. रॅपर गाण्यात स्वतःच्या यशाचा दावा करतो. त्या दाव्याचा पुरावा म्हणजे गळ्यातले पदक. ते पदक अस्सल असल्याचा पुरावा म्हणजे जवाहिऱ्याचे नाव, आणि जवाहिऱ्याच्या नावाचा पुरावा पुन्हा त्याच रॅपरचे गाणे. दोन ऋणकोंनी परस्परांस जामीन राहावे, तसा हा प्रकार आहे. त्रयस्थ पारखी या वर्तुळात कोठेच नाही. कोणताही विवेकी सावकार असे जामीनपत्र स्वीकारणार नाही. पण कीर्तीच्या बाजारात ते निर्वेध चालते आणि बाजार चढता असेतोवर कोणाचे नुकसानही होत नाही.

ते केव्हा होते, हे 2006 मध्ये दिसले. 'ब्लॅक माफिया फॅमिली' या अमली पदार्थांच्या व्यापारातील टोळीचा काळा पैसा पांढरा करण्यास साहाय्य केल्याच्या आरोपावरून अराबो यांना अटक झाली. 2007 मध्ये त्यांनी नोंदींत फेरफार केल्याचा आणि तपास यंत्रणेला खोटी माहिती दिल्याचा गुन्हा कबूल केला आणि 2008 मध्ये त्यांना 30 महिन्यांची शिक्षा झाली. दहा हजार डॉलरवरील रोख व्यवहाराची नोंद सरकारला कळवणे अमेरिकन व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणजे ज्याचे नाव गाण्यातून जगभर गाजत होते, त्याच्या दप्तरात मात्र गिऱ्हाइकाचे नाव व रक्कम यांना निराळेच महत्त्व होते. गाण्यातली नोंद आणि वहीतली नोंद यांतील हे अंतर मला या साऱ्या प्रकरणाचे मर्म वाटते. तथापि शिक्षेने त्यांची पेढी बुडाली नाही. पुढे 'अ‍ॅस्ट्रोनोमिया'सारख्या गुंतागुंतीच्या घड्याळांनी तिने वेगळा, अधिक धनाढ्य ग्राहकवर्ग मिळवला.

सफ्दी बंधूंचा 'अनकट जेम्स' (2019) हा चित्रपट याच रस्त्यावरचा आहे आणि या विषयावरील कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यातील हॉवर्ड रॅटनर हा जवाहिऱ्या रॅपर व खेळाडू दुकानात आणून देण्यासाठी एका मध्यस्थावर अवलंबून आहे. बास्केटबॉलपटू केव्हिन गार्नेट (हे स्वतःच्याच भूमिकेत आहेत) इथिओपियातून आलेला ओपलचा खडा काही काळासाठी मागतात आणि तारण म्हणून आपली विजेतेपदाची अंगठी ठेवतात. हॉवर्ड ती तत्काळ गहाण टाकतो. अवघ्या काही मिनिटांचा हा प्रसंग. पण तारण ठेवणाऱ्याचा विश्वास आणि तारण घेणाऱ्याची निकड यांतील विषमता त्यात उघडी पडते. हिऱ्यांनी मढवलेली फर्बी बाहुली हॉवर्ड मोठ्या अभिमानाने दाखवतो, तेव्हा हसू येते. मागाहून लक्षात येते की, तो तरी बाजाराने जे मागितले तेच घडवत होता. चित्रपटाचा कर्कश वेग काहींना असह्य वाटला. मला तो आवश्यक वाटतो.

याउलट 2021 मधील 'आइस कोल्ड' ही माहितीपट-मालिका आणि त्याच नावाचे, न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये 2024 साली भरलेले प्रदर्शन यांनी या अलंकारांना सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. तो द्यावयासच हवा होता. खनिजे व रत्ने यांच्या शास्त्रीय दालनाशेजारी रॅपरांची पदके मांडली जावीत, यात एक न्याय आहेच. पण संग्रहालयाच्या कपाटात ठेवलेल्या दागिन्यातून त्याचा व्यवहार गळून पडतो. उधारी, मध्यस्थाचे कमिशन, हप्ते यांतले काहीच काचेपलीकडे दिसत नाही.

खड्याचा पूर्वेतिहासही तसाच गळतो. केन्ये वेस्ट यांनी 2005 मध्ये 'डायमंड्स फ्रॉम सिएरा लिओन' या गाण्याच्या रीमिक्स आवृत्तीत आणि चित्रफितीत हा प्रश्न खुद्द हिप-हॉपच्या आतून विचारला होता. सिएरा लिओनमधील यादवी 1991 ते 2002 चालली. बंडखोरांच्या हिऱ्यांना पायबंद घालणारी किंबर्ली प्रक्रिया 2003 मध्ये अमलात आली. आपणही या प्रश्नापासून फार दूर नाही. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेच्या घंटीवर, आणि त्यांचा मोठा व्यापार चालतो तो मुंबईत, 2010 पासून वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये. 47 व्या रस्त्यावर पदकात दाटीने बसवल्या जाणाऱ्या बारीक हिऱ्यांतील कितीतरी याच वाटेने गेलेले असणार. किंबर्लीचे प्रमाणपत्र कच्च्या मालाच्या खोक्याबरोबर प्रवास करते आणि केवळ बंडखोरांना पैसा पुरवणाऱ्या हिऱ्यांपुरतेच बोलते. खाणीतील वा घंटीवरील मजुरीविषयी त्यात काही नसते. पैलू पडलेल्या खड्याबरोबर तर ते जातच नाही. तेथून पुढे विक्रेत्याने बिलावर लिहून दिलेली हमी तेवढी उरते, आणि जवाहिऱ्याच्या काउंटरशी उभ्या असलेल्या रॅपरला ती मान्य करण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.