लिनक्सवर गेम ‘चालतो’ म्हणजे नेमके काय चालते?

ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकवताना सिस्टीम कॉलचे प्रकरण आले की वर्गातला कोणीतरी हमखास विचारतो, “मॅडम, मग विंडोजचा गेम लिनक्सवर कसा चालतो?” पंधरा वर्षांपूर्वी याचे प्रामाणिक उत्तर “बहुधा चालत नाही” असे होते. आता तसे म्हणता येत नाही. तंत्रज्ञानाची आवड असलेली मंडळी तर पुढे जाऊन सांगतात की लिनक्सवरील गेमिंगचा प्रश्न सुटला आहे, विंडोज ठेवायला आता कारणच उरले नाही. मी स्वतः बरीच वर्षे घरी आणि कामावर लिनक्सच वापरते, त्यामुळे हे मत खरे असावे असे मलाही वाटते. तरीही या टिपणात ते तपासून पाहायचे आहे, कारण याच मताच्या भरवशावर मी एका विद्यार्थ्याला सल्ला दिला आणि त्याची पंचाईत झाली. तो प्रसंग शेवटी सांगते.

इतिहास थोडक्यात पाहू. वाईन हा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणे हा त्याचा हेतू. त्याची १.० ही आवृत्ती यायला २००८ उजाडले, म्हणजे पंधरा वर्षे लागली. मधल्या काळात लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने वेगळा मार्ग धरला होता. मूळ गेमचा सोर्स कोड परवान्याने घ्यायचा, तो लिनक्ससाठी नव्याने बांधायचा आणि विकायचा. ही कंपनी १९९८ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २००२ मध्ये बंद पडली. व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आणले. २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे संगणक बाजारात आले आणि फारसे कोणाच्या लक्षात न येता गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये वाईनवर आधारलेला प्रोटॉन आला, फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र आले आणि मग चित्र पालटले. स्टीमच्या स्वतःच्या मासिक पाहणीत ऑक्टोबर २०२५ मध्ये लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. आकडा लहान आहे, पण लोकीच्या काळात तो स्वप्नवत वाटला असता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विंडोजचा गेम आणि लिनक्सचा गेम एकाच एक्स८६ प्रोसेसरवर चालतात. बेरीज, गुणाकार, तुलना, उडी या सूचना दोघांच्याही सारख्याच. म्हणून वाईनला प्रोसेसरची नक्कल करावी लागत नाही. फरक पडतो तो प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टीमकडे काही मागितले की. फाइल उघडून दे, मेमरी दे, थ्रेड सुरू कर, पडद्यावर त्रिकोण काढ. विंडोजवर या मागण्या डीएलएल फाइलींमार्फत जातात. वाईन त्याच नावाच्या, पण स्वतः लिहिलेल्या फाइली पुढे करते आणि मागणी लिनक्सच्या भाषेत सांगते.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. अभ्यासाच्या दृष्टीने मौज आहे ती पुढच्या तपशिलात, आणि उत्साही मंडळींच्या बोलण्यात नेमका तोच गळून जातो. विंडोजवर प्रोग्रॅम ‘वेट फॉर मल्टिपल ऑब्जेक्ट्स’ असा एक कॉल करू शकतो. चौसष्टपर्यंत वस्तू द्यायच्या आणि सांगायचे की यांपैकी कोणतीही एक मोकळी झाली की मला उठव, किंवा सगळ्या मोकळ्या झाल्या की उठव. लिनक्सच्या फ्युटेक्सला तेव्हा एका वेळी एकाच जागेवर थांबता येई. त्यामुळे वाईनमध्ये हे काम वाईनसर्व्हर नावाच्या वेगळ्या प्रोसेसकडे जाई, आणि अनेक थ्रेड वापरणारा गेम दर फ्रेमला त्या प्रोसेसच्या दारात रांग लावून उभा राही. यावर आधी तात्पुरते उपाय झाले. मग जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या कर्नल ५.१६ मध्ये एकाच वेळी अनेक फ्युटेक्सवर थांबण्याची सोय आली आणि मार्च २०२५ मधल्या ६.१४ मध्ये विंडोजच्या पद्धतीने वागणारा एनटीसिंक हा ड्रायव्हर दाखल झाला. काही गेम तर डीएलएलची वाट सोडून थेट सिस्टीम कॉलची सूचना देतात. तिला अडवून वाईनकडे वळवण्यासाठी २०२१ च्या कर्नल ५.११ मध्ये वेगळी यंत्रणा घालावी लागली. म्हणजे लिनक्सवर विंडोजचे गेम चालावेत म्हणून खुद्द लिनक्सचा गाभा बदलला. सिस्टीम कॉल शिकवायला याहून चांगले उदाहरण माझ्याकडे नाही.

चित्रांची बाजूही तशीच. डायरेक्ट३डीच्या मागण्यांचे रूपांतर आधी ओपनजीएलमध्ये केले जाई आणि ते मंद पडे. २०१६ मध्ये व्हल्कन आले. त्यावर आधारलेला डीएक्सव्हीके हा अनुवादक फिलिप रेबोले यांनी लिहायला घेतला, तो स्वतःला आवडणारा एक गेम लिनक्सवर खेळता यावा म्हणून. २०१८ पासून व्हॉल्व्हने त्या कामाला पैसा पुरवला. शेडर प्रत्यक्ष खेळताना कंपाइल होऊ लागला की चित्र क्षणभर अडकते. स्टीम डेकवर सर्वांचे हार्डवेअर एकच असल्याने आधीच कंपाइल केलेले शेडर पाठवता येतात, त्यामुळे काही गेम विंडोजपेक्षाही तिथे सुरळीत चालल्याचा अनुभव लोकांना आला. हे सगळे मान्य करून मी म्हणते की भाषांतराचा प्रश्न जवळपास सुटला आहे. उत्साही मंडळी इथे अतिशयोक्ती करत नाहीत.

अडचण त्यांच्या दुसऱ्या मताशी आहे. प्रोटॉन म्हणजे उसनवारी, खरा विजय नेटिव्ह गेमचाच, असे जुने लिनक्सवाले ठासून सांगतात. मीही काही वर्षे असेच म्हणत असे. आता ते मला चुकीचे वाटते, आणि त्याचे कारण आपल्याच घरात आहे. लोकीने विकलेला गेम आज नव्या वितरणावर चालवून पाहा. त्याला हवी असलेली ओएसएस ही ध्वनी यंत्रणा गेली, हव्या त्या आवृत्तीच्या लायब्ररी गेल्या. त्याच काळातला विंडोजचा गेम मात्र बऱ्याचदा वाईनमध्ये उघडतो. लिनक्स कर्नल आपल्या सिस्टीम कॉलची शिस्त कसोशीने पाळतो. चालू असलेला प्रोग्रॅम कर्नल बदलल्याने मोडता कामा नये, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम प्रसिद्धच आहे. पण कर्नलच्या वरच्या थरांना हा नियम लागू नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जीलिबसी २.३६ आली. तिच्या बांधणीत लायब्ररीतली नावे शोधायचा एक जुना तक्ता मुळात दिला जाईना, कारण त्याहून वेगवान तक्ता बरीच वर्षे वापरात होता. जीलिबसीवाल्यांच्या दृष्टीने ही साफसफाई होती. इझी अँटी-चीटचा लिनक्सवरील भाग मात्र तो जुनाच तक्ता वाचत होता. काही गेम बंद पडले आणि वितरणांना तो तक्ता पुन्हा चालू करावा लागला. त्याआधी २०१९ मध्ये उबंटूने ३२ बिटचे पॅकेज काढून टाकण्याचे जाहीर केले होते, तेव्हा वाईन आणि स्टीम या दोन्हींचा पायाच निघतो आहे हे लक्षात आल्यावर त्यांना माघार घ्यावी लागली.

तेव्हापासून लिनक्सच्या वर्तुळात एक बोचरी थट्टा चालते की लिनक्सवरचा सर्वांत स्थिर इंटरफेस म्हणजे विन३२. थट्टा असली तरी अभियांत्रिकीच्या दृष्टीने खरी आहे. रॉकेट लीगच्या कंपनीने मार्च २०२० मध्ये लिनक्स आवृत्ती थांबवली, तेव्हा लिनक्सवाल्यांनी विंडोजचीच आवृत्ती प्रोटॉनमधून खेळायला घेतली. छोट्या स्टुडिओने दोन बांधण्या, दोन चाचण्या, दोन तक्रारपेट्या का सांभाळाव्यात? मला वाटते सांभाळू नयेत. याची किंमत अर्थात आहे. पुढचा इंटरफेस कसा असेल हे मायक्रोसॉफ्ट ठरवणार आणि वाईनवाले मागाहून धावणार. ती किंमत ज्याला मोजायची नाही त्याने आधी जीलिबसीपासून ग्राफिक्सपर्यंत दहा वर्षे टिकेल असा पाया देऊन दाखवावा. लोकीत काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी बांधलेली एसडीएल ही लायब्ररी या दिशेचा सर्वांत टिकाऊ प्रयत्न आहे, पण एकटी एसडीएल पुरत नाही.

आता तिसरे मत, ज्याने माझा विद्यार्थी अडचणीत आला. अँटी-चीटबद्दल बोलताना आमची मंडळी म्हणतात, कंपनीने फक्त एक पर्याय चालू करायचा आहे, करत नाहीत हा त्यांचा आडमुठेपणा. यात अर्धे सत्य आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनीही प्रोटॉनसाठी सोय जाहीर केली, आणि ती वापरायची की नाही हे गेम बनवणाऱ्यांवर सोडले. काहींनी वापरली. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालत होता, पण ३१ ऑक्टोबर २०२४ ला तो दरवाजा बंद झाला. लिनक्समार्गे चीटिंग होते आणि ते पकडणे कठीण जाते, असे कारण कंपनीने दिले. जीटीए ऑनलाइनने त्याच वर्षी बॅटलआय आणले, पण प्रोटॉनची सोय चालू केली नाही. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा तर पहिल्यापासून विंडोजच्या कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर. २०२४ मध्ये तो लीग ऑफ लेजंड्समध्ये आला आणि वाईनमधून तो गेम खेळणारे लोक बाहेर पडले.

हा निव्वळ आडमुठेपणा नाही. वर्गात शिकवलेल्या विशेषाधिकाराच्या पातळ्या आठवा. भिंतीपलीकडचा खेळाडू दाखवणारा चीट प्रोग्रॅम कर्नलमध्ये बसला, तर वापरकर्त्याच्या पातळीवरचा पहारेकरी त्याला पाहू शकत नाही. पहारेकरी कर्नलला विचारणार आणि कर्नल खोटे सांगणार. विंडोजवर कर्नलमध्ये शिरायला मायक्रोसॉफ्टची सही लागते. ती व्यवस्था अभेद्य नसली तरी कोणीतरी जबाबदार असते. लिनक्सवर मी स्वतःचा कर्नल बांधू शकते, त्यात मला हवे ते घालू शकते, आणि तसे करता यावे म्हणूनच मी लिनक्स वापरते. गेम कंपनीला नेमके हेच नको आहे. यंत्राच्या मालकावरच विश्वास ठेवायचा नाही, हे कर्नल पातळीवरील अँटी-चीटचे गृहीतक आहे. कितीही चांगला अनुवादक लिहिला तरी हे गृहीतक बदलत नाही. म्हणून ‘वाईनवाले हेही लवकरच सोडवतील’ हा आशावाद मला चुकीच्या जागी ठेवलेला वाटतो.

याचा अर्थ कंपन्यांची पद्धत मला मान्य आहे असे नाही. एका खेळासाठी तिऱ्हाईताचा कोड कर्नलमध्ये घेणे किती महागात पडू शकते, याची कल्पना १९ जुलै २०२४ ला आली. गेमशी संबंध नसलेल्या एका सुरक्षा सॉफ्टवेअरची सदोष अपडेट आली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे एका दिवसात कोलमडली. सर्व्हरने खेळाडूला न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची जागा पाठवूच नये, हा उपाय भिंतीपलीकडे पाहणाऱ्यांपुरता प्रभावी आहे. आपोआप नेम धरणाऱ्या प्रोग्रॅमवर मात्र तो चालत नाही, कारण समोर दिसणारा प्रतिस्पर्धी सर्व्हरला पाठवावाच लागतो. इथे सोपे उत्तर कोणाकडेच नाही.

आता तो प्रसंग. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबले. तृतीय वर्षाच्या एका मुलाचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. यंत्र ठणठणीत होते, नवे घेण्याची घरची परिस्थिती नव्हती. मी म्हटले, लिनक्स टाक, गेमही चालतात आता. त्याने टाकले आणि एकट्याने खेळायचे त्याचे सगळे गेम खरोखर चालले. पण होस्टेलमध्ये रोज रात्री पाच जणांचा संघ करून ते एक ऑनलाइन शूटिंग गेम खेळत, तो काही केल्या उघडेना. पंधरवड्याने तो आला आणि संकोचून म्हणाला, “मॅडम, बाकी सगळं छान आहे, पण मी एकटा पडलोय.” त्याने डिस्कचे दोन भाग करून विंडोज १० परत घातले, केवळ त्या गेमसाठी. काही आठवड्यांनी गेमने सिक्युअर बूट सक्तीचे केले. ते चालू करताच लिनक्सच्या बाजूला ग्राफिक्सचा ड्रायव्हर कर्नलने नाकारला, कारण त्या मॉड्यूलवर सही नव्हती, आणि प्रॅक्टिकल जमा करायच्या आदल्या दिवशी पडदा ढोबळ चित्रावर येऊन थांबला. आम्ही दोघांनी बसून किल्ली तयार केली, मॉड्यूलवर सही केली, बूट होताना ती किल्ली फर्मवेअरमध्ये नोंदवली. दोन तास गेले. त्याला त्यातून सिक्युअर बूट नीट समजले, पण तो काही त्यासाठी आला नव्हता.

त्याच्याकडे आज अपडेट न मिळणारे विंडोज आहे, त्याच्या कर्नलमध्ये गेम कंपनीचा ड्रायव्हर आहे, आणि शेजारच्या पार्टिशनवर अभ्यासाचे लिनक्स आहे. यातले सर्वांत असुरक्षित काय हे तो नेमके सांगू शकतो. तरी रात्री तो तेच सुरू करतो, कारण मित्र तिथे आहेत. आता कोणी लिनक्स टाकू का असे विचारले, की मी रॅम आणि प्रोसेसर नंतर विचारते. आधी विचारते, रात्री कोणाबरोबर काय खेळतोस?