ध्वनिसंकेत : विधान आणि आज्ञा

अंधांसाठी खेळ सुगम करणे म्हणजे डोळ्यांचे काम कानांकडे सोपविणे, अशी पुष्कळांची समजूत दिसते. तीत एक घोटाळा आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांमुळे बुद्धिबळाशी निकटचा परिचय असलेल्या सांगलीकरांस तो चटकन उमगेल. अंधांच्या बुद्धिबळात खेळाडूस स्वतःचा स्वतंत्र पट असतो. काळी घरे किंचित उंच, आणि मोहरे रोवण्यासाठी प्रत्येक घरास छिद्र. चाल मोठ्याने सांगावयाची, प्रतिपक्षाने ती पुन्हा उच्चारून आपल्या पटावर करावयाची. पटाचे उभे स्तंभ ॲना, बेला, सीझर, डेव्हिड अशा नावांनी पुकारतात. कारण बी, सी, डी ही अक्षरनामे कानास फार जवळची. भेदकता हाच येथे संकेताचा गुण, स्वनिमांचेही तेच. परंतु ही सारी वचने विधानार्थी आहेत. उंट कोठे गेला एवढेच ती सांगतात. पुढे काय करावे, हे नव्हे.

हीच कसोटी १९ जून २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘द लास्ट ऑफ अस, पार्ट टू’ या व्हिडिओ गेमला लावून पाहावी. नॉटी डॉग या अमेरिकन संस्थेने त्यात ६० हून अधिक सुगमतेच्या सोयी ठेवल्या आणि पूर्णतः अंध खेळाडूंनीही तो शेवटास नेला, ही कामगिरी लहान नव्हे. पडद्यावरील मजकूर यंत्र वाचून दाखविते. उडी घेणे, ओणवे होणे, वस्तू उचलणे यांस निरनिराळे ध्वनी आहेत. आणि त्या ध्वनींचा ऐकता येण्याजोगा कोशच खेळाडूच्या हाती दिला आहे. कोशकारांनी हेवा करावा अशी ही योजना!

मात्र वाट शोधण्याच्या सोयीत संकेताची जात बदलते. एक कळ दाबताच खेळाडूची दृष्टी इष्ट मार्गाकडे वळविली जाते. ‘उजवीस दार आहे’ हे विधान. ‘इकडे चल’ ही आज्ञा. डोळस खेळाडू पडक्या घरांतून भटकतो, चुकतो, आणि त्या चुकण्यात खेळाचा निम्मा रस असतो. अंधाच्या वाट्यास येणारी वाट बिनचूक, आणि म्हणूनच निरस. ही सोय ऐच्छिक आहे, हे खरे. पण ती नाकारणाऱ्यास शत्रू व वस्तू ध्वनीने कळतात, घराचा आकार कळत नाही.

शिवाय हा गेम मराठी बोलत नाही. उद्या बोलू लागला, तरी केवळ देवनागरी लेखन त्यास पुरणार नाही. ‘जग’ यातील ज तालव्य वाचला तर विश्व, दंततालव्य वाचला तर जगण्याची आज्ञा. लेखन हा भेद दाखवीत नाही; यंत्रास तो संदर्भावरून ठरवावा लागेल, आणि तेथे झालेली चूक साताऱ्या-सांगलीच्या श्रोत्यास ऐकताक्षणीच खटकेल.