तिसऱ्या आणि चौथ्या फेरीच्या मध्ये

रविवारी दुपारी बर्डीवर शांतता हवी असेल तर बुद्धिबळाच्या स्पर्धेत जाऊन बसावं. मेन रोडवर फेरीवाल्यांचा गलका, मेट्रोच्या इंटरचेंजमधून उतरणारी गर्दी, मोरभवनकडे वळणाऱ्या बसचे हॉर्न. आणि गल्लीत आत शिरलं की पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दीडशे पोरं मान खाली घालून बसलेली. ही शांतता माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीची. पण गेल्या दोनेक वर्षांत मला तिथे अजून एक शांतता जाणवायला लागली. ती डाव चालू असतानाची नाही, दोन फेऱ्यांच्या मधली आहे.

तिसरी फेरी संपते आणि हॉल पाच मिनिटांत रिकामा होतो. पट पुन्हा मांडून ठेवलेले, घड्याळं शून्यावर. पोरं जिन्यात, पार्किंगमध्ये, गाडीच्या सीटवर आडवी बसून. प्रत्येकाच्या हातात आईचा नाहीतर बाबांचा फोन. डाव इंजिनमध्ये भरला जातो, चूक कुठे झाली ते लाल रंगात दिसतं, फोन परत जातो. मग कधीतरी सगळे फोन एकदम वाजतात. चौथ्या फेरीची पेअरिंग आलेली असते : टेबल ३७, काळे मोहरे, समोर अमुक. सगळे उठून आत.

तो मेसेज पाठवणारा प्रोग्राम मी लिहिलाय. म्हणून हा लेख लिहिणं मला थोडं अवघड जातंय.

*

मी दहा-अकरा वर्षांचा होतो तेव्हा, म्हणजे २००८ च्या आसपास, पेअरिंग भिंतीवर लागायची. आर्बिटर सर प्रिंट घेऊन यायचे, सेलोटेपने कागद चिकटवायचे आणि त्यांचा हात निघायच्या आत आम्ही त्यांच्या बगलेतून घुसायचो. "माह्यं नाव दिसते का बे?" हा त्या काळातला राष्ट्रीय प्रश्न. कागद कधी लागेल याचा भरवसा नसायचा, त्यामुळे लांब कोणी जायचं नाही. आणि जायचं नाही म्हणून काय करायचं, तर बाजूच्या टेबलावर दोन-तीन जुने पट पडलेले असायचे, त्यावर नुकताच संपलेला डाव पुन्हा लावायचा. हरलेला आणि जिंकलेला, दोघं मिळून. भोवती आठ-दहा जण उभे. याला सगळे पोस्टमॉर्टेम म्हणायचे.

एका स्पर्धेत मी एका काकांकडून हरलो. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेले. डाव संपल्यावर मी रडायच्या बेतात होतो. ते म्हणाले, "बस बेटा. कुठं हरला समजलं का तुले?" मला वाटत होतं की मी सुरुवातीपासूनच हरत होतो. त्यांनी पट मागे नेला, एका ठिकाणी थांबले आणि माझा घोडा उचलून मधल्या घरात ठेवला. म्हणाले, "इथं आणला असता तर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तीन मिनिटं मी नुसता तुझ्या हाताकडं पाहत होतो."

तो डाव आज इंजिनला दिला तर इंजिनही तोच घोडा दाखवेल, काकांपेक्षा लवकर आणि पुढच्या वीस चालींसकट. पण समोरचा मोठा माणूस तीन मिनिटं मला घाबरला होता, ही माहिती इंजिनकडे नाही. मला पुढची पाच वर्षं खेळत ठेवलं ते त्या तीन मिनिटांनी.

*

साहित्याबद्दल वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की पोस्टमॉर्टेम हा समीक्षेचाच प्रकार आहे, आणि फार विचित्र प्रकार आहे. इथे कलाकृती दोघांनी मिळून, एकमेकांच्या विरोधात घडवलेली असते, आणि तेच दोघं नंतर शेजारी बसून ती वाचतात. ‘तू इथे काय बघत होतास?’ हा त्यातला मुख्य प्रश्न. चाल चांगली की वाईट हे नंतर येतं. आधी ती का केली ते समजून घ्यायचं असतं. इंजिन त्याऐवजी आकडा देतं. अधिक एक पूर्णांक तीन. आकडा बरोबरच असतो, पण त्याच्याशी बोलता येत नाही.

हे सगळं कोणी ठरवून मोडलं नाही. मोठ्या स्पर्धांत पूर्वी लांबलेला डाव तहकूब व्हायचा. खेळाडू पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा, पाकीट आर्बिटरकडे, आणि रात्रभर मित्र, गुरू, खोलीतले सगळे त्या स्थितीवर डोकं लावायचे. संगणक चांगले खेळायला लागल्यावर रात्रभर डोकं कोण लावतंय हेच कळेना. नव्वदच्या दशकात ही पद्धत बंद पडत गेली. १९९७ मध्ये डीप ब्लूने कास्पारोवला हरवलं. २००३ मध्ये युरोपियन सांघिक स्पर्धेत पोनोमारिओवचा फोन वाजला आणि त्याचा डाव गेला. आज खेळाच्या जागी नुसता फोन जवळ सापडला तरी डाव जाऊ शकतो. यातलं प्रत्येक पाऊल मला पटतं. पण परिणाम असा की हॉलच्या आत फोन म्हणजे गुन्हा आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की फोन म्हणजे गुरू. मधली जागा उरली नाही.

दुसरं कारण रेटिंग. १९९० च्या आसपासपर्यंत फिडेच्या यादीची खालची मर्यादा २२०० होती, म्हणजे गावातला सगळ्यात चांगला खेळाडूही बहुतेक वेळा यादीबाहेर. ती टप्प्याटप्प्याने १००० पर्यंत उतरली. मार्च २०२४ पासून १४०० आहे. मर्यादा उतरली म्हणून आठ वर्षांच्या पोरालाही आकडा मिळाला, हे चांगलंच झालं. पण अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या खेळाडूंसाठी फिडे ४० चा गुणक वापरते. आपल्याच ताकदीच्या कोणाकडून हरलं की २० गुण गेले; अशा तीन फेऱ्या हरलं की साठेक. वर्ध्याहून, भंडाऱ्याहून पहाटेची गाडी पकडून आलेल्या बापाला हा हिशेब तोंडपाठ असतो. अशा वेळी ज्याने आत्ताच तुमचे २० गुण नेले त्याच्यासोबत बसून डाव बघायचा म्हणजे मन मोठं लागतं. त्यात पुढच्या महिन्यात तोच समोर येणार असतो. त्याला आपली युक्ती कशाला सांगायची?

*

इथे जुन्या दिवसांची आरती सुरू करायचा मोह होतो, आणि मराठी बुद्धिबळाच्या बाबतीत तर फारच. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू सांगलीतून पुढे आल्या. मंडळ म्हणजे जाऊन बसता येईल अशी खोली. तिथे स्पर्धा नसलेल्या दिवशीही पट मांडलेला असतो.

पण त्या काळातल्या सगळ्याच खोल्या सगळ्यांसाठी उघड्या नव्हत्या. मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी यांनी, राष्ट्रीय महिला स्पर्धेची पहिली दहा वर्षं विजेतेपद घराबाहेर जाऊ दिलं नाही. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तर केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की बाईला स्पर्धेतून अडवता येणार नाही. माझ्या आठवणीतल्या त्या भिंतीपाशीही मुली कितीशा होत्या? होत्या त्या आईसोबत खुर्चीवर बसलेल्या असायच्या, गर्दी पांगायची वाट बघत. पटाभोवतीच्या घोळक्यात ज्याचा आवाज मोठा त्याची चाल बरोबर ठरायची. इंजिन आवाज ऐकत नाही. आज चंद्रपूरच्या मुलीला आपली चाल बरोबर होती हे कळायला कोणा काकांची परवानगी लागत नाही.

आणि ही नवी व्यवस्था खेळाडू घडवते हे नागपुरात राहून नाकारता येत नाही. रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. २०२१ मध्ये संकल्प गुप्ता. आणि २८ जुलै २०२५ ला बाटुमीमध्ये दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्या संध्याकाळी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर ज्यांना उंट कसा चालतो ते माहीत नाही तेही नाचत होते. तेव्हा माझी तक्रार वरच्या टेबलांबद्दल नाहीच. ती टेबल ३७ बद्दल आहे.

*

बुद्धिबळाच्या बाहेर, पटावरच्या इतर खेळांचे मेळावे कसे बदलले ते बघितलं तर प्रश्न जास्त स्पष्ट होतो. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या लहान गावात गॅरी गायगॅक्सने हॉर्टिकल्चरल हॉल भाड्याने घेतला आणि युद्धाचे खेळ खेळणाऱ्यांना बोलावलं. शंभरेक लोक आले. त्याचं नाव जेन कॉन. दुसऱ्या वर्षी त्याच मेळाव्यात त्याची ओळख डेव्ह आर्नेसनशी झाली, आणि त्या दोघांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला. आज जेन कॉन इंडियानापोलिसमध्ये भरतं. २०२३ मध्ये सत्तर हजारांहून जास्त लोक आले. कोणत्या टेबलावर कधी बसायचं ते आधी वेबसाइटवर बुक करावं लागतं. सोय आहे, आणि एवढ्या लोकांना त्याशिवाय इलाज नाही.

पण गायगॅक्स आणि आर्नेसन यांची भेट वेळापत्रकाने घडवता आली असती असं मला वाटत नाही. ज्या गोष्टीमुळे त्या मेळाव्याचं नाव आज आपल्याला माहीत आहे, ती रिकाम्या वेळेत, शेजारच्या टेबलाकडे डोकावताना झाली. प्रोग्राम लिहिताना मी नेमका तोच वेळ ‘वाया जाणारा’ म्हणून धरला होता. पेअरिंग लागायला वीस मिनिटं, भिंतीपाशी रेटारेटी दहा मिनिटं : मी दोन्ही शून्यावर आणले. आयोजकांनी माझा सत्कार केला. नारळ अजून घरी आहे.

आपल्याकडच्या खुल्या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. १८९५ मध्ये झुरिकला पहिल्यांदा वापरली म्हणून ते नाव. हिची खरी गंमत अशी की हरलेला बाद होत नाही. सारखे गुण असलेले एकमेकांशी भिडत राहतात, आणि सगळे डाव हरलेला पोरगाही शेवटच्या फेरीपर्यंत कोणाच्या तरी समोर बसतो. नियमांनीच ठरवलंय की टेबल ३७ ला घरी पाठवायचं नाही. मग दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याला पार्किंगमध्ये एकटं का सोडायचं?

*

प्रोग्राम मी बंद करणार नाही. लांबून आलेल्या आईला भिंतीपाशी रेटारेटी करायला लावण्यात कसलंही सौंदर्य नाही. मागच्या स्पर्धेआधी मी आयोजकांकडे फक्त एक टेबल मागितलं : हॉलच्या बाहेर, चार पट, घड्याळ नाही, आणि जोडीनेच बसायचं. ते म्हणाले, "कोणत्या वयोगटासाठी?" मी म्हटलं, कोणत्याच नाही. त्यांनी टेबल दिलं, पण ‘कोणत्याच नाही’ हे त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नव्हतं, म्हणून त्यावर पाटी काही लागली नाही.

पहिल्या दिवशी त्या टेबलावर लोकांनी दप्तरं ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोह्यांच्या प्लेटा. दुपारी, तिसऱ्या फेरीनंतर, नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आणि तिच्याहून मोठा एक मुलगा आले. प्लेटा बाजूला केल्या आणि डाव लावायला लागले. कोण जिंकलं होतं मला माहीत नाही. मधेच तिने त्याचा हत्ती उचलला, एका घरावर ठेवला आणि विचारलं, "तू इथे का नाही आणला?" तो म्हणाला, "भीती वाटली."

तेवढ्यात माझ्या प्रोग्रामने चौथ्या फेरीचा मेसेज पाठवला आणि दोघांच्याही आया हाका मारायला लागल्या. पुढच्या स्पर्धेसाठी मी त्यात एक ओळ वाढवलीय. शेवटचा डाव संपल्यावर मेसेज आता पंधरा मिनिटं थांबेल.