पानिपत जिंकलो, मग पुढे काय?

'पानिपत जिंकलो असतो तर' छापाचे व्हिडिओ मी आवडीने बघते, पण ते बहुतेक विजयाच्या जल्लोषातच संपतात. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तिथून पुढे जाते. मे 2025मध्ये नारळीकर गेले, तेव्हा ती पुन्हा वाचली.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत ट्रकच्या धडकेनंतर समांतर जगात पोचतात. तिथे 14 जानेवारी 1761ला विश्वासरावांवर झाडलेली गोळी कानाजवळून निघून गेली आहे आणि मराठे जिंकलेत. असं का व्हावं, याचं उत्तर पुंजभौतिकीत शोधलंय: इलेक्ट्रॉन नक्की कुठे जाईल हे सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. पण मला जास्त आवडतं ते विजयानंतरचं राजकारण. पेशवे विज्ञानकेंद्रं उभारतात. इंग्रजांची मदत घेतात, पण आपली केंद्रं स्वावलंबी होण्यापुरतीच. मुंबई इंग्रजांकडे आहे, पण भाडेपट्ट्याने!

माझी तक्रार इथूनच सुरू होते. 1761मध्ये आमचं पार्लं मराठ्यांच्या साष्टीत होतं. इंग्रज माहीमच्या खाडीपलीकडे. साष्टी गेली 1774च्या अखेरीस. त्याआधी 1773मध्ये नारायणरावांचा खून झाला होता आणि राघोबादादा पेशवेपदासाठी इंग्रजांशी बोलणी करत होते. म्हणजे पार्लं गेलं त्यात अब्दालीइतकाच, किंबहुना जास्त, वाटा शनिवारवाड्यातल्या भांडणाचा.

नारळीकरांना हे ठाऊक होतंच. त्यांच्या जगात राघोबादादा मागे पडतात आणि राजकारणातून निवृत्त होतात. झालं! गादीचा एवढा मोठा तंटा चुटकीसरशी मिटतो. लोकशाहीही तशीच सुरळीत येते. पेशवाईतली जातव्यवस्था कुठे गेली, त्या विज्ञानकेंद्रांत प्रवेश कोणाला होता, हे कथा विचारतच नाही. गोळी योगायोगाने चुकू शकते; जात योगायोगाने जात नाही.

तरीही ही कथा मला महत्त्वाची वाटते. विजयाचं मोजमाप ती किती मुलूख जिंकला यावर करत नाही, त्यानंतर कोणत्या संस्था उभ्या राहिल्या यावर करते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' म्हणून ती प्रश्नोत्तरांपुरती वाचली असेल, तर आता परीक्षेशिवाय वाचा. आणि वाचताना तिच्याशी भांडा.